यमुनाबाईंचं वय

ही गोष्ट मी पंचावन्न वर्षं टाळली. सांगायची वेळ अनेकदा आली आणि दर वेळी मी दुसरंच काही बोललो. दीड महिन्यापूर्वी यमुनाबाई गेल्या, तेव्हाही तसंच झालं. निरोप घेऊन त्यांचा मुलगा वसंता आला होता. "सर, सकाळी आई गेली," एवढं बोलून तो ओट्यावर टेकला. मग जरा वेळानं त्यानं येण्याचं दुसरं कारण सांगितलं. मृत्यूच्या नोंदीत वय लिहायचं होतं. "आईच्या शाळेच्या दाखल्यावरून अडुसष्ट निघते, अन् थोरल्या मामाच्या दाखल्यावरून सहासष्ट. आता थोरला भाऊ बहिणीहून लहान कसा? तुमीच वस्तीतले जुने. तुमाले ठाऊक असन." मला ठाऊक होतं. यमुनाबाई सहासष्ट वर्षांच्या होत्या आणि त्यांचे थोरले भाऊ किसन सदुसष्टचे. पण मी म्हणालो, "दाखल्यात आहे तेच लिही." तो गेला.

नागपुरातल्या विणकरांच्या वस्तीत आमचं घर त्यांच्या घरापासून तिसरं. अठरा सालच्या मानमोडी तापाच्या साथीत माझी तान्ही बहीण सिंधू गेली आणि पुढच्या वर्षी यमुना जन्मली. "आमची सिंधू असती तं हिच्याहून वर्षानं मोठी असती," असं आई दर राखीला म्हणायची. त्यामुळे यमुनाचं वय आमच्या घरात पाठ होतं. शाळेत मात्र जन्माचा कागद कोणी मागत नसे, कारण तो कोणाजवळच नसे. गुरुजी मुलाला सांगत, उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धर. कान हाताला लागला की मूल शाळेच्या वयाचं झालं. यमुना पाच वर्षांची होती, नुसती किसनाच्या मागं मागं गेली होती. पण हात मोठे लांब. तिनं सहज कान धरला. गुरुजी हसले आणि त्यांनी सात वर्षं लिहिली. किसन तिच्याहून वर्षानं मोठा, पण बुटका. त्याची बोटं चार अंगुळं अलीकडेच राहिली. त्याला परत पाठवलं आणि पुढच्या वर्षी सहा वर्षांचा म्हणून घेतलं.

यमुनाचं नाव शाळेत घातल्यावर पाच वर्षांनी, म्हणजे तिसाच्या सालाच्या आसपास, मी शिक्षकांच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकत होतो. आमच्या प्राध्यापकांनी विलायतेतून बुद्धीच्या चाचण्या आणल्या होत्या आणि त्यांचं मराठी केलं होतं. कल्पना साधी होती. कोणत्या वयाच्या मुलाला साधारण काय येतं ते आधी ठरवायचं. मग समोरचं मूल कुठवरची उत्तरं देतं ते पाहून त्याचं बौद्धिक वय काढायचं, त्याला खऱ्या वयानं भागायचं आणि शंभरानं गुणायचं. शंभर आले की मूल वयाच्या मानानं नेमकं. आम्हा विद्यार्थ्यांना या भागाकाराचं फार अप्रूप होतं. ताप मोजतात तशी बुद्धी मोजता येते, मग जात नको, शिफारस नको, असं आम्ही मनापासून मानत होतो. भाजक कुठून येतो, हे कोणी विचारत नव्हतं.

मला आमच्याच वस्तीच्या शाळेतली चाळीस मुलं-मुली दिली होती. त्यांतल्या एका मुलीला वसतिगृहाच्या शाळेत फुकट जागा मिळणार होती. अट शंभरची. तिथं शिकलेली मुलगी पुढे शिक्षिका होई, आणि यमुनाला बाईच व्हायचं होतं. मागाजवळ बसून बाण्याच्या सुताच्या कांड्या भरताना ती भरलेल्या कांड्या ओळीनं मांडून त्यांची हजेरी घ्यायची; गैरहजर कांडीला रागवायचीही.

शाळेच्या पडवीत मी तिची चाचणी घेतली. आकडे उलटे म्हणून दाखव, चित्रात काय राहिलं ते सांग, हे तिनं पटापट केलं. सातवा प्रश्न विसंगती ओळखण्याचा होता. मी वाचलं, "एक मुलगी म्हणते, माझा थोरला भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे. यात काय चुकलं?"

ती हसायलाच लागली.

"काई नाही चुकलं. आमचा किसना तसाच हाये."

"अगं, थोरला लहान कसा असेल?"

"रजिस्टरात हाये ना, भाऊ. त्याचा हात नाही पुरला, माहा पुरला. तुमी तं तिथंच उभे होते, काहून इचारून राहिले?"

मी खरोखरच तिथं उभा होतो. धाकट्या भावाला शाळेत सोडायला गेलो होतो. पण उत्तरांच्या तक्त्यात असं उत्तर नव्हतं. मी शून्य मांडलं.

तिचं बौद्धिक वय अकरा आलं. रजिस्टरातल्या बारांनी भागलं की ब्याण्णव. खऱ्या दहांनी भागलं की एकशे दहा. कागदावर शेऱ्याचा रकाना होता. दोन ओळी पुरल्या असत्या.

कागद घेऊन मी प्राध्यापकांकडे गेलो, तो सांगायचं ठरवूनच. ते यादी पाहत म्हणाले, "तुमच्या कामात एक खाडाखोड नाही. पुढच्या वर्षी माझे मदतनीस म्हणून राहाल का?" यमुनाचं वय खोडलं असतं तर त्यांचा पुढचा प्रश्न बाकीच्या एकोणचाळीस वयांबद्दल असता, आणि तीही सगळी कान धरूनच लिहिलेली होती. माझं सगळं काम कोसळलं असतं. मी म्हणालो, "राहीन, सर." शेऱ्याचा रकाना कोरा गेला.

जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. आठवड्यानं यमुना आमच्या दारात आली. "भाऊ, मी कोठं चुकली?" मी म्हणालो, थोडक्यात गेलं. ती मान डोलावून कांड्या भरायला गेली.

पुढे तिचं लग्न वस्तीतच झालं. लुगड्याच्या काठाचा नवा नमुना ती नुसता पाहून मागावर उतरवायची, असं तिचे सासरेच सांगत. पण मला तिला गुणवंत ठरवायचं नाही, कारण ठरवण्याचा माझा अधिकार तेव्हाच गेला. सांगायचं ते वेगळंच आहे. विणकरांच्या सोसायटीच्या कमिटीसाठी बायकांतर्फे तिचं नाव पुढे आलं, तेव्हा ती सगळ्यांसमोर हसत म्हणाली, "मले नका घेऊ बाप्पा. माही बुद्धी मोजून झाली हाये, कमी भरली." लोकही हसले. मी त्या बैठकीत होतो. तोवर मी ट्रेनिंग कॉलेजात शिकवत होतो. पहिल्या तासाला विद्यार्थ्यांना बजावायचो, चाचणीआधी वयाची खातरी करा. हे कुठून शिकलो, ते कधी सांगितलं नाही. भागाकाराची ती रीत पुढे मागे पडली, मुलाला त्याच्या वयाच्या मुलांशी ताडून पाहू लागले. पण तिथंही आधी वय खरं लागतं.

या फेब्रुवारीत मी तिचा तो कागद खिशात घालून त्यांच्याकडे गेलो. यमुनाबाई नातीला जुनी गंमत दाखवत होत्या. हात डोक्यावर नेला, पण खांदा आखडला होता. बोटं कपाळावरच थांबली. मला पाहून म्हणाल्या, "आता नाही पोहचत, भाऊ. आता मले कोन्ती शाळा घेते?" मी हसलो. चहा घेतला, संत्र्यांच्या भावाबद्दल बोललो आणि परत आलो. कागद खिशातच राहिला.

आत्ता तो समोर आहे. सातव्या प्रश्नापुढे माझ्या अक्षरातलं शून्य. शेवटी एकशे दहा लिहावं म्हणून पेन उचललं होतं, पण तोही माझाच आकडा झाला असता... वसंताला मी काल निरोप धाडला, नोंदीत सहासष्ट करून घे, मी सोबत येतो. त्या दिवशी चहा घेताना म्हणायचं होतं ते मात्र आता कोणाला म्हणू? यमुना, तू विचारलं होतंस, मी कुठं चुकले म्हणून. तू कुठेच चुकली नव्हतीस, आणि ते मला त्या पडवीतच कळलं होतं. माझं चुकलं.