आईच्या फॉर्मावरचं ‘नाही’

फॉर्म भरणं हे माझं रोजचं काम आहे. वर्ध्याजवळच्या एका शाळेत मी कारकून आहे. शिष्यवृत्तीचे, दाखल्यांचे, एसटी पासचे असे हजारो फॉर्म मी भरले असतील. येणाऱ्याला मी एकच सांगत आलो, की रकाना रिकामा सोडू नका आणि खोटं लिहू नका. त्यामुळे गेल्या वर्षी आमच्या विहारातल्या चौदा जणांनी श्रीलंकेला जायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यांचे कागद आपोआप माझ्याकडे आले. त्यात माझ्या आईचाही फॉर्म होता. जे घडलं ते त्या एका फॉर्मामुळे घडलं.

आई बहात्तर वर्षांची. सिंदीजवळच्या गावात वांगी, मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, लावून ती बाजारात विकायची. आता ती माझ्याकडे राहते. अकरा वर्षांपासून तिला शुगर आहे. सेवाग्रामच्या दवाखान्यातली तिची फाइल आता दोन पिशव्यांत मावत नाही. वर्षावासातल्या, म्हणजे पावसाळ्यातल्या प्रवचनांत विहारात तिनं ऐकलं होतं, की राजकन्या संघमित्रेनं बोधिवृक्षाची फांदी जहाजातून लंकेला नेली आणि ते झाड अजून उभं आहे. ते तिच्या मनात बसलं होतं.

“जहाजात रोप जिवंत ठेवलं त्या पोरीनं,” ती म्हणायची. “आपलं वांग्याचं रोप सिंदीहून वर्ध्याले नेतवर मान टाकते. मले पाहाचं आहे थे झाड.”

व्हिसाला फार काही लागत नव्हतं. पासपोर्ट सहा महिने चालणारा हवा, परतीचं तिकीट हवं, हॉटेलची नोंद हवी, आणि खर्चापुरते पैसे जवळ आहेत हे दाखवता यायला हवं. बाकी अर्ज ऑनलाइन. सहा दिवसांचा खर्च मी एका पाठकोऱ्या कागदावर मांडला होता. तिकीट, राहणं, जेवण, व्हिसाची फी, आईचा नवा पासपोर्ट, तिच्यासाठी मऊ चपला. सगळ्यात शेवटी विमा. सहल नेणारे निवृत्त मास्तर म्हणाले होते, साठीच्या वरच्यांचा विमा काढल्याशिवाय मी कोणाला नेणार नाही.

विम्याच्या फॉर्मात एक रकाना होता. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांपैकी काही आहे का? ‘होय’ केलं की हप्ता चार हजार आठशेंनी वाढत होता. पैसे नव्हते असं नाही. मी कागदावर जो आकडा ठरवला होता, त्याच्या बाहेर तो जात होता, एवढंच. सहाच दिवस आहेत, काय होणार आहे, असं म्हणून मी ‘नाही’वर खूण केली. त्याच दिवशी शेजारच्या काकूंच्या फॉर्मात मात्र मी ‘होय’ करायला लावलं होतं. त्या कुरकुरत होत्या. “बीपी आहे तर लिहा काकू, खोटं अंगावर येतं,” असं मीच म्हणालो होतो.

निघायच्या आदल्या दिवशी मी आईला म्हटलं, “आई, तिथं कोणी विचारलं त शुगरचं सांगू नको.”

“काऊन?”

“विम्यात लिहिलं नाही मी. पैसे जास्त लागून राह्यले होते.”

ती मेथी निवडत होती. हात थांबले. “मंग कोणालेच माहीत नाई झालं पायजे?”

“कोणालेच नाही.”

“बरं,” ती म्हणाली आणि पुन्हा मेथी निवडू लागली.

चेन्नईच्या विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या अधिकाऱ्यानं तिला हिंदीत साधं विचारलं, “पहली बार जा रहे हो माताजी?” उत्तर द्यायच्या आधी आईनं माझ्याकडे पाहिलं. हे बोलू का, असं ते पाहणं होतं. अधिकाऱ्यानंही माझ्याकडे पाहिलं. शर्ट माझ्या पाठीला चिकटला. त्या माणसाचा आणि विम्याचा काही संबंध नाही हे मला कळत होतं, तरी मी नजर खाली वळवली. आई “हाँ” म्हणाली आणि शिक्का पडला. तिथून पुढे प्रत्येक काउंटर मला पोलीस ठाण्यासारखा वाटू लागला.

लंकेतल्या दुसऱ्या दिवशी ते झाड जिथं आहे त्या अनुराधपूरला आम्ही बसनं निघालो. आई सारखं पाणी पीत होती. दोनदा बस थांबवावी लागली. काकूंनी थट्टाही केली, “लंकेचं सारं पाणी पिऊन टाकता का वो मावशी? समुद्र ठेवजा थोडा!” आई हसली नाही. उन्हानं होत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर शुगर वाढल्याचं मला तेव्हाच कळलं होतं. विचारायची भीती वाटत होती.

बोधिवृक्षाच्या आवाराबाहेर चपला काढल्या आणि तापलेल्या वाळूवरून चार पावलं गेल्यावर आई खाली बसली. ओठ कोरडे पडले होते, नजर ठरत नव्हती. मी तिच्या पिशवीत हात घातला. पांढरं लुगडं, अगरबत्तीचा पुडा, रुमाल. गोळ्यांचा डबा नव्हता.

“आई, गोळ्या कुठं आहेत?”

“घरी ठेवल्या.”

“काऊन?”

ती हळू बोलत होती. “तूच त म्हणला, कोणाले माहीत नाई झालं पायजे. इमानात पेटी उघडून पाहतात म्हणे. गोया सापडल्या असत्या त तुले धरलं असतं, बाबू.”

म्हणजे घर सोडल्यापासून तिनं एकही गोळी घेतली नव्हती. मास्तरांनी तीनचाकी थांबवली. आम्ही तिघं जवळच्या एका छोट्या दवाखान्यात गेलो.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला इंग्रजीत विचारलं, यांना शुगर, प्रेशर काही आहे का? उत्तर मला माहीत होतं. ते मी द्यायला हवं होतं. पण मास्तर मागेच उभे होते, हातात विम्याचा कागद घेऊन. मी आईकडे वळलो आणि तोच प्रश्न तिला मराठीत विचारला. का विचारला हे मी आजपर्यंत स्वतःला समजावू शकलेलो नाही. तिनं मिटते डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “नाई. मले काईच नाई.”

सकाळी निघताना बसमध्ये सगळ्यांबरोबर तिनं पंचशील म्हटलं होतं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. जन्मभर वांगी विकताना जिनं कधी किडकं टोपल्यात खाली दडवलं नाही, ती माझ्यासाठी खोटं बोलली.

डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. नर्सनं ग्लुकोजची बाटली काढली, आईचा हात सरळ केला, शीर शोधू लागली. सुई कातडीला टेकली तेव्हा मी ओरडलो. इंग्रजी सुचेना. “शुगर! शुगर! अकरा वर्षं!” मी मराठीतच ओरडत होतो आणि बोटांनी अकरा दाखवत होतो. नर्सनं हात मागे घेतला. बोटातून थेंब काढून तपासलं तर शुगर पाचशेच्या वर होती. डॉक्टरीणबाई मला रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त आधीचं लिहिलेलं खोडलं आणि इन्सुलिन मागवलं.

बाहेर बाकावर मास्तर मोबाइल काढून म्हणाले, “विम्यावाल्याइले फोन लावतो. नंबर आहे कागदावर.”

“नका लावू, सर.”

“काऊन?”

मी सांगितलं. तोवर काकू आणि आणखी दोघंतिघं येऊन उभी राहिली होती. मास्तरांनी मोबाइल खिशात ठेवला. काकू गप्प बसणाऱ्यातल्या नाहीत.

“माया फॉर्म भरतानी मोठा हरिश्चंद्र झाला होता! खरं लिहा काकू, खरं लिहा काकू. अन् घरच्या मायचं?”

मग त्यांनीच पदराच्या गाठीतून डॉलरच्या चार नोटा काढून माझ्या मांडीवर टाकल्या. “हे धर. दवाखान्याचं भर आधी. वर्ध्याले गेल्यावर बोलीन मी तुले अजून.” आणि खरंच बोलल्या.

बाकीचे पुढे गेले. आई त्या दवाखान्यात एक दिवस आणि एक रात्र होती. त्या सगळ्या वेळात ती जगेल का, एवढीच भीती होती असं मी म्हटलं तर तेही खोटं होईल. तिला इथं काही झालं तर तिला घरी न्यायला किती लागतील, कोणते कागद लागतील, हा हिशेबही डोक्यात चालू होता. त्या हिशेबाची मला तिच्या आजारापेक्षा जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला सोडलं. मी तिला झाडाजवळ नेलं. पायांत जाड मोजे होते. तिनं कठड्याबाहेरून बराच वेळ झाड पाहिलं. सोनेरी टेकू लावलेल्या फांद्या बघून म्हणाली, “याले त लई आधार द्या लागते.” मग हात जोडून पंचशील म्हणू लागली. तिसऱ्यानंतर थांबली. मी पुढचं म्हणेन म्हणून ती वाट पाहत होती की तिलाच म्हणवत नव्हतं, मी विचारलं नाही. मग ती पाचवं म्हणाली.

घरी येऊन वर्ष झालं. तिची शुगर आता ताब्यात आहे. गोळ्यांचा डबा मी रोज सकाळी तिच्यासमोर उघडतो. पण त्या सहलीतली एक गोष्ट तिच्यात राहून गेली आहे. गेल्या महिन्यात सेवाग्रामला नेलं होतं. तिथल्या तरुण डॉक्टर मुलीनं फाइल उघडून विचारलं, “आजी, गोळ्या रोज घेता ना?”

आईनं आधी माझ्याकडे पाहिलं.

“आई, तूच सांग,” मी म्हणालो. “जे आहे थेच सांग.”

डॉक्टर मुलगी पेन धरून थांबली होती. आई अजून माझ्याकडेच बघत होती.