न गाळलेलं पाणी

विंझरला मी शाळामास्तर होतो, तेव्हा पायऱ्यांच्या विहिरीवर एक म्हातारबुवा रोज भेटत. चैत्रात पाणी तळाला जाई आणि त्यात बारीक किडे इतके दाटत, की पेला उन्हात धरला तर उड्या मारताना दिसत. त्या किड्यांमधूनच नारूचा जंत पोटात जातो, पाणी फडक्यातून गाळा, हे भोरच्या डॉक्टरांचं सांगणं मी त्यांना ऐकवून ऐकवून थकलो.

"पावसाळ्यात दिसत्यात का?" ते विचारत.

"नाही. पाणी वाढलं की विरळ होतात."

"मंग पावणे हायती. जातील," म्हणत आणि गटागटा पीत.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्याच घोट्यातून दोऱ्यासारखा नारू निघाला. "आता पाय तरी पाण्यात घालू नका, त्याची पिल्लं विहिरीत सुटतील," असं मी चिडूनच बोललो. त्या दिवसापासून म्हातारबुवा खाली उतरले नाहीत. कुणी घागर भरून देईपर्यंत वरच्या पायरीवर उन्हात तहानलेले बसून राहत.

एकदा मीच त्यांची घागर फडक्यातून गाळून भरली. एक घोट घेऊन त्यांनी तोंड वाकडं केलं.

"माजा नारू दुसऱ्याला नगं, म्हून हितं बसलोय, मास्तर. पर माज्या पाण्याची चव कशापायी घालवली?"