केसपेपरवरची खोडलेली ओळ

जुन्या जालन्यातल्या दवाखान्यात स्टोव्हवर काचेच्या सिरिंज उकळत होत्या. भूक लागली म्हणून मी पातेले घाईने उतरवू लागले. "सिस्टर, वेळ पाणी उकळल्यापासून मोजायचा, स्टोव्ह पेटवल्यापासून नाही," डॉ. माधवराव शेलकर सर म्हणाले आणि आपल्या डब्यातली भाकरी त्यांनी माझ्यापुढे ठेवली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची ही आमची पहिली ओळख.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, अक्षर बरे. म्हणून सर सांगत आणि केसपेपर मी लिहीत असे. त्यातली एक ओळ पुढे मला फार सलली.

गोष्ट २००४ च्या आसपासची. अंबडच्या काशीबाई आणि शांताबाई या सख्ख्या बहिणी, एकाच घरात दिलेल्या. दोघींनाही हिपॅटायटिस सी झाला, रक्तातून पसरणारी, यकृत पोखरणारी ती कावीळ. विषाणूशी लढणाऱ्या इंटरफेरॉन या औषधाची इंजेक्शने दोघींना मीच देत असे. गोळ्या त्या घरी घेत. धाकट्या शांताबाई बऱ्या झाल्या. काशीबाईंच्या रक्तातला विषाणू हटेना.

"थोरलीनं चोरून भजे खाल्ले असतील बिलकुल. गोळ्याबी टाळल्या असतील," सासूबाई म्हणाल्या.

"आत्या, भज्याचं ताट तर तुम्हीच रिकामं केल्तं," काशीबाई म्हणाल्या.

सर हसले, पण त्यांनी मला सांगितले, "लिहा, गोळ्या व पथ्य पाळले नाही." मी लिहिले. त्यानंतर घरात काशीबाईंना तेच ऐकावे लागले.

काही वर्षांनी, २००९ च्या सुमारास, सरांच्या वाचनात नवे संशोधन आले. इंटरफेरॉनशी संबंधित एका जनुकाजवळ माणसामाणसांत बारीक फरक असतो. त्यामुळे कुणाचे शरीर या विषाणूला लवकर हटवते, औषधाला साथ देते, कुणाचे देत नाही. सख्ख्या बहिणींतही हा फरक असू शकतो. त्याच संध्याकाळी सरांनी काशीबाईंचा जुना केसपेपर शोधून काढला. दुसऱ्या दिवशी तो घेऊन आम्ही एसटीने अंबडला गेलो. सरांनी घरच्यांना ते संशोधन समजावून सांगितले, मग म्हणाले,

"काशीबाई, तुमच्या बाबतीत हेच कारण असेल, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण न तपासता तुमच्यावर ठपका ठेवला, ही चूक माझी."

सासूबाई चपापल्या. "मंग आम्ही हिला उगंच बोलून राह्यलो?"

"मी तर लिहूनच ठेवलं," सर म्हणाले.

काशीबाईंनी पदराने डोळे टिपले. "ते खोडा आधी, मंग चहा घ्या."

सरांनी ती ओळ स्वतःच्या हाताने खोडली, खाली सही केली. नंतर चहा घेतला.

सरांच्या गौरवग्रंथात हे लिहू का, असे विचारले तेव्हा काशीबाई म्हणाल्या, "नाव घालून छापा." आज, २०११ सालीही, त्यांचा आजार आहे. त्यांना लागू पडेल असे औषध येईल, तेव्हा ते लिहून द्यायला पंचाहत्तरी ओलांडलेले आमचे सर दवाखान्यातल्या त्यांच्या खुर्चीत, ठणठणीत बसलेले असोत.

गौरव समितीला विनंती: या ग्रंथाची पहिली प्रत काशीबाईंना द्यावी. दुसरी सासूबाईंना द्यावी आणि हे पान त्यांना वाचून दाखवावे. सरांना शाल काशीबाईंच्या हातून द्यावी. तो केसपेपर मात्र सरांच्या खणातच राहू द्यावा. सरांच्या सहीखाली एका ओळीची जागा मी राखून ठेवली आहे, त्या नव्या औषधाच्या नावासाठी.