टबाच्या तळाचं बूच

अंगणात आंबुशीच्या टबात पाणी तुंबलं होतं, म्हणून साहेबरावांनी तो आडवा केला. आधी गाळ आला. मग तळाच्या बुचाकडून एक पिवळा ओघळ फरशीवर उतरला.

हळदीचा नव्हे, गंजाचाही नव्हे. हा पिवळा त्यांनी चाकणच्या प्लेटिंग शॉपमध्ये, धातूला मुलामा देताना, अठ्ठावीस वर्षं पाहिला होता. क्रोम. ते तिथंच ओल्यात बसले.

"काय झालं ओ? इंचू हाय का?" कस्तुराबाई दारात आल्या.

"क्रोम."

कस्तुराबाईंना हा शब्द माहीत होता. नवऱ्याच्या बोटांवरचे क्रोमचे जुने व्रण त्यांनीच वर्षानुवर्षं तेल लावून मऊ केले होते. त्यांनी टबाकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराकडे. आत मिक्सर नुकताच थांबला होता.

"दिव्या!" साहेबराव ओरडले. "खाऊ नको! थूक ते!"

सून बाहेर आली. सातवा महिना. बोटाला हिरवी चटणी लागलेली, बोट ओठांपाशी थांबलेलं.

"चाखली थोडी," ती म्हणाली. "का?"

तीन महिने ती ही चटणी खात होती.

तिला अन्न ठरत नव्हतं, तेव्हा कस्तुराबाईंना गावाकडची बांधावरची आंबुशी आठवली. तीन पानांची, पिवळ्या फुलाची, आंबट. इथं चऱ्होलीतही ती रस्त्याकडेला पुष्कळ उगवे. पण तिथं कुत्री, टँकरचं ऑइल, बांधकामाची धूळ. साहेबराव म्हणाले, पोटुशीला असलं द्यायचं नाही, आपण लावू. भंगारातून निळा ड्रम आणला. "साबणाचा हाय," भंगारवाला म्हणाला. मधोमध कापून दोन टब केले. दोन्ही तीन पाण्यांनी धुतले.

वरच्या अर्ध्याला बूच होतं. टब उलटा ठेवल्यावर ते तळाला गेलं. घट्ट बसलेलं. ते फिरवायची चावी कंपनीत असते, घरी नव्हती. साहेबरावांनी दोनदा पकडीनं जोर लावला आणि सोडून दिलं. शेजारी भोकं पाडली, माती भरली.

पुढची मेहनत मात्र काटेकोर. मुळं फुटलेले धुमारे चार बोटांवर लावले. दुपारचं ऊन अडवायला गोणपाट बांधलं. मातीत बोटाचं पेर खुपसून कोरडं लागलं तरच पाणी. फूल दिसलं की खुडायचं, म्हणजे पान कोवळं राहतं. शेंग धरू द्यायची नाही. ती हात लागताच फुटते आणि बी अंगणभर उडतं.

बुचाच्या टबातली पानं तरी बारीक, कडेनं फिकी. साहेबरावांनी तिथं जास्त शेणखत घातलं, जास्त पाणी दिलं.

"मामा, मला यातलीच द्या," दिव्या म्हणायची. सासऱ्याला ती मामाच म्हणे. "ही जास्त आंबट लागते."

ते रोज खुडून द्यायचे.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, रक्त आणि लघवी तपासायला पाठवली. पाच दिवस लागतील म्हणाल्या. बाळाचे ठोके ऐकवले. दिव्या रडली. साहेबराव भिंतीला टेकून उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

तिसऱ्या दिवशी गणराज आला. साहेबरावांच्या हाताखाली शिकलेला, आता त्याच शॉपचा सुपरवायझर. माती त्यानं जाड पिशव्यांत भरली. कंपनीच्या घातक कचऱ्यात जाणार होती. मग चावी लावून बूच फिरवलं. एका हिसक्यात सुटलं. बुचाच्या आट्यांत पिवळा थर बसलेला होता.

"मास्तर," गणराज म्हणाला, "पहिल्या दिवशी तुमीच मला शिकवलेलं..." आणि पिशवीचं तोंड बांधू लागला.

"बोल की."

"ड्रम धुताना आधी बूच काढायचं, मग पाणी."

साहेबरावांनी मान हलवली.

त्या संध्याकाळी मुलगा, निरंजन, शिफ्टवरून आला. तो ओरडला नाही, हेच अवघड होतं. चपला काढता काढता म्हणाला, "बूच का नाही उघडलं, बाबा?"

घट्ट होतं. चावी नव्हती. भंगारवाला खोटं बोलला. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

"कंटाळा केला," साहेबराव म्हणाले.

निरंजननं पाहिलं. हा शब्द त्यानं बापाच्या तोंडून स्वतःबद्दल कधी ऐकला नव्हता.

पाचव्या दिवशी रिपोर्ट आला. प्रमाण काळजी करण्याइतकं नाही, बाळाची वाढ बरोबर आहे, पण लक्ष ठेवू. कस्तुराबाईंनी देवापुढं साखर ठेवली. साहेबरावांनी तो कागद चार वेळा वाचला.

आठवड्यानं दिव्या म्हणाली, "मामा, आंबुशी परत लावा."

"मी नाय लावणार."

"मग काय सासूबाईंना चढवू गोणपाट बांधायला?"

"मी बरी चढंन," आतून कस्तुराबाई म्हणाल्या. "ह्यांच्यापरीस नीट बांधीन."

साहेबरावांनी कुंभाराकडून कोरी मातीची कुंडी आणली. तीन पाण्यांनी धुतली. मग ती उलटी करून स्वयंपाकघराच्या ओट्यावर दिव्यापुढं ठेवली.

"धुतली की तुम्ही," ती म्हणाली.

"ज्यानं काम केलं त्यानं पास करायचं नसतं. तू बघ."

दिव्यानं तळाच्या भोकात बोट घालून फिरवलं, बोट उजेडात धरलं. नुसती लाल माती होती. तरीही साहेबराव तिच्या बोटाकडेच बघत राहिले.