ध्यान आणि भाजलेले बोंबील

आमचे हे माझ्या पुढ्यात गुडघ्यांवर बसून गुदमरत होते आणि मी डोळे मिटून श्वास मोजत होते. त्यांनी जमिनीवर हात आपटले, मी मोजत राहिले. पदर ओढला, तरी मोजत राहिले. घशातून घरघर काढली, तेव्हा मनात म्हटलं, करा थट्टा, आज मी उठत नाही.

थट्टा वाटायला कारण होतं. तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी ब्लडप्रेशर बघून सांगितलं, आजी, चिडणं कमी करा. म्हटलं, मग घरातली माणसं बदलून द्या. शेवटी शेजारीण मला अंधेरीतच ध्यान शिकवणाऱ्या एका बाईंकडे घेऊन गेली. बाई म्हणाल्या, नाकाशी श्वास येतो-जातो तो बघा, बाकी काही करू नका. मी चौथी शिकलेली. वाटलं, श्वास बघायला शाळा कशाला लागते. लागते. पहिल्या दिवशी तिसऱ्याच श्वासाला नणंदेनं नेलेली परात आठवली आणि ब्लडप्रेशर आणखी वाढलं. देव आहे याचीच मला खात्री नव्हती, तो नाकाच्या शेंड्यावर भेटेल याची तर मुळीच नाही.

बाईंनी चाळीस दिवस मासळी सोडायला सांगितली. मी सोडली म्हणजे घरानं सोडली. हे गिरणीतून रिटायर झालेले, मूळचे मालवणकडचे. अकरा वाजता मी भिंतीशी बसले की समोर बसून घोरण्याचा आवाज काढायचे. "समाधी लागली काय गो? लागली तर हात वर कर." म्हणून मी बजावलं होतं, चाळ पडली तरी वीस मिनिटं डोळे उघडणार नाही.

त्या दिवशी बसल्या बसल्या सुक्या बोंबलाचा वास आला. मन आवडीच्या गोष्टी दाखवून फसवेल, हलू नका, असं बाई म्हणाल्या होत्या. मी हलले नाही. उलट वाटलं, केवढी प्रगती झाली. मनानं बोंबील असा भाजला की करपलेली कडसुद्धा कळतेय. तो खरंच आमच्या स्टोव्हवर भाजला जातोय हे डोक्यात आलं नाही, कारण यांना चहासुद्धा करता येत नाही. मी उठायच्या आत संपवायचा म्हणून हे उभ्यानंच, न चावता गिळत होते. तुकडा घशात अडकला. आवाज फुटेना, म्हणून माझ्यापुढे येऊन बसले.

चाळीतलं दार दिवसा उघडंच असतं. वर्सोव्याची आमची नेहमीची कोळीण आत आली आणि तिनं टोपली खाली टाकली. "अगो वयनी, डोलं उघड. घरवाला मरतंय तुझा."

उघडले. यांचा चेहरा निळा पडला होता. मी उठायला गेले तर पायांना मुंग्या, उभीच राहता येईना. कोळणीनं यांना पुढे वाकवलं आणि रोज टोपल्या उचलणाऱ्या हातानं पाठीत चार रट्टे घातले. चौथ्या रट्ट्याला तुकडा माझ्या मांडीवर येऊन पडला. हे श्वास घ्यायला लागले. नाकाशी येणारा-जाणारा श्वास मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितला, आणि तो यांचा होता.

बोलता आलं तेव्हा पहिलं वाक्य काय? "शेवटचो तुकडो होतो."

बोंबील तिनंच आदल्या दिवशी यांना चोरून दिले होते, आपल्या फडक्यात बांधून. फडका न्यायला आली म्हणाली. पण तिची आमच्याकडची वेळ सकाळी आठची. विचारलं, तर म्हणाली, "पाय वलले, आले." मी तिला शिव्या दिल्या आणि पायाही पडले. ती म्हणाली, "एक कायतरी कर."

चमत्कार म्हणावं तर जिनं वाचवलं तिनंच बोंबील दिले होते. तिचे पाय कोणी वळवले ते मला माहीत नाही, आणि आता मी विचारतही नाही, हात जोडते. देवावर सोडणं म्हणजे दात आवळून बसणं, असं मी धरून चालले होते. तो माझा हट्ट होता, त्यात देव कुठेच नव्हता. बाईंना सगळं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अहो, कोणी पदर ओढला तर उठू नका असं मी कधी म्हटलं?" आता रोज बसते, पण कोणी हाक मारली तर उठते. उठल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजते.

हे वाचले. यंदा त्यांना सत्तरावं लागलं.