सायकलमावशीची सही

सायकलमावशी कोणाला रस्ता द्यायची नाही. मागून कुणी कितीही हॉर्न बडवो, नऊवारीचा काष्टा मारलेली ही बाई, जेन्ट्स सायकलच्या कॅरिअरला फुलांच्या दोन पाट्या बांधून, डांबराच्या डाव्या कडेनं आपल्याच चालीनं जायची. "कडेच्या मातीत उतर की!" असं कोणी खेकसलं, तर मागं न बघता म्हणायची, "मातीत मेल्यावर जायचंच हाय. आत्ता डांबरावरून जाऊ दे." मखमलाबादच्या मळ्यातून पंचवटीच्या बाजाराकडे रोज सकाळी ती माझ्या गॅलरीखालून जायची आणि हे संवाद मला फुकटात ऐकायला मिळायचे.

गिऱ्हाइकाशीही तोच ताठा. कोणी झेंडू दाबून दाबून बघायला लागलं की म्हणायची, "फूल घ्यायला आला का नवरी बघायला?" मी कचेरीत जाताना तिच्याकडून गजरा घ्यायची, तर माझंही कधी ऐकून घेतलं नाही. म्हणायची, "पोरी, तू सरकारी कागद टाइप कर. फुलातलं मला कळतं."

अशी ही वाघीण एकाच माणसापुढे मऊ पडायची. तो म्हणजे दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक. भवानीच्या माणसाला नाही म्हणायचं नाही, हा तिच्या सासूनं घालून दिलेला नियम. एकदा एका महाभागानं भवानीलाच शेवंती निम्म्या भावात मागितली आणि हिनं मुकाट्यानं तोलून दिली. मी चिडले. ती म्हणाली, "भवानीला नाय म्हणलं की दिवस रुसतो." मी म्हटलं, लुबाडतील तुला. त्यावर ती हसली.

आणि मग पिंपळगावहून द्राक्षाचे क्रेट घेऊन आलेल्या एका टेम्पोनं तिला नाक्यावर मागून उडवलं. मांडीचं हाड मोडलं, आत रॉड बसवला. सायकल कायमची सुटली. टेम्पो मागून येताना कोणी पाहिला नव्हता, पण अख्ख्या बाजारानं निकाल देऊन टाकला, "मावशीचीच चूक. जरा रस्ता दिला असता तर काय बिघडलं असतं?" खोटं कशाला सांगू, माझ्याही मनात तेच आलं होतं.

तीन-चार महिन्यांनी ती पुन्हा बाजारात बसू लागली. मुलगा पाट्या आणून द्यायचा, वॉकर शेजारी उभा असायचा. एके सकाळी टेम्पोच्या विमा कंपनीचा माणूस आला. नेमका सगळ्यांच्या आधी. त्यानं आधी घासाघीस न करता पावशेर मोगरा घेतला, मग एक छापील कागद पुढे केला. "इथं सही करा मावशी, काम लवकर होईल." भवानीचा माणूस! हिनं सही ठोकून दिली. कागदावर लिहिलं होतं, "मी अचानक उजवीकडे वळले."

पुढं कंपनीचं तडजोडीचं पत्र आलं, त्यातली रक्कम बघून माझाच संताप झाला. तिनं एक वकीलबाई गाठल्या, त्यांनी दावा लावला. मग लोकअदालतीत कंपनीनं जवळपास दुप्पट देऊ केलं. मुलगा म्हणाला, "आई, घे. ठिबकचं काम अडलंय." मीही म्हटलं, "घेऊन टाक मावशी. कोर्टाच्या पायऱ्या चढायचा हा पाय आहे का?"

तिनं मलाच विचारलं, "ह्याच्यात माझी चूक धरली हाय का?"

"अर्धी धरलीय."

"मग नाय घ्यायचे."

"अगं, पण..."

"पाय मोडला, जुळला. चूक कागदात राहिली तर जुळायची नाय. चाळीस वर्सं सायकल चालवली, कोणाला धक्का नाय लावला. नाय म्हणजे नाय!"

मुलगा आठवडाभर तिच्याशी बोलला नाही. भंगारवाला सायकल मागायला आला, त्यालाही तिनं हाकलून दिलं. पुढचं चाक धड होतं, मागचं भाजलेल्या पापडासारखं वाकलं होतं. "वळले असते तर मार बाजूला बसला असता. हे मागून बसलंय. आंधळ्यालाबी दिसंल," म्हणाली. वकीलबाई फोटो पुरतील म्हणत होत्या, तरी साक्षीच्या दिवशी ही बया सायकल भाड्याच्या छोट्या हत्ती गाडीत घालून कोर्टाच्या आवारात घेऊन आली.

मी बाकावर बसले होते. कंपनीच्या वकिलानं विचारलं, "सही तुमचीच ना?"

"माझीच."

"वाचता येत नाही?"

"येतं की. चौथी शिकले. पण तुमचा माणूस भवानीला आला व्हता. भवानीच्या माणसाला मी नाय म्हणत नाय. त्यानं सही मागितली, दिली. सही माझी हाय साहेब, मजकूर त्याचा हाय."

वकील हसला. "मग आम्ही तडजोडीचे पैसे घ्या म्हटलं, तेव्हा बरं 'नाही' म्हणता आलं?"

"तुम्ही भवानीला नाय आले. दुपार झाली व्हती."

न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. हसू लपवायलाच, असं मला वाटतं.

निकालाला पुढं दोन वर्षं गेली. त्यात मुलाचे टोमणे होते, तारखा होत्या, थंडीत ठणकणारा पाय होता. मी मनातल्या मनात कितीदा तरी म्हटलं, घेतले असते तर सुटली असती. ती मात्र एकदाही तसं म्हणाली नाही.

आज ती नाही. पण निकालाची प्रत हातात घेऊन बाजारात गेले तो दिवस मला लख्ख आठवतो. मी रक्कम सांगायला तोंड उघडलं तर म्हणाली, "ते मुलाला सांग. माझ्या चुकीबद्दल काय लिवलंय, ते वाच. मोठ्यानं."

मी वाचलं. अपघात सर्वस्वी टेम्पोचालकाच्या निष्काळजीपणामुळे झाला, सायकलस्वार महिलेची कोणतीही चूक दिसून येत नाही. आजूबाजूचे फूलवाले गजरे ओवायचे थांबले. मावशीनं एकेकाच्या तोंडाकडे निवांत बघून घेतलं आणि शेवटी माझ्याकडे वळली.

"पोरी, तुलाबी ऐकू आलं ना?"

माझी मान खाली गेली. माझ्या मनातलं कधीपासून माहीत होतं हिला?

"मान खाली नको घालू," ती म्हणाली. "पुन्यांदा वाच."