फडक्यात न मावलेला आवाज

प्रज्ञा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोलशेतला एका हळदीसाठी स्पीकर उतरवत होतो. चार दिवसांचा ताप, आणि संपलं... फोन ठेवला आणि मी स्पीकर उतरवतच राहिलो. दुसरं काय करणार होतो? त्या हळदीत कुठली गाणी वाजवली, आजही आठवत नाही.

आता दीड महिना झाला. लोक हळहळतात, गुणी पोरगी होती म्हणतात. गुणी-बिणी काही नव्हती. हट्टी होती, भांडखोर होती, आणि माझी कॉलेजपासूनची मैत्रीण होती. मी मानपाड्याचा, साउंडचा धंदा करणारा. ती विठ्ठलवाडीच्या चाळीतली, दिवसा कॉल सेंटरला आणि उरलेल्या वेळात लॅपटॉपवर संगीत करणारी. संगीत म्हणजे काय, तर खाली नाचायला लावणारा ठेका आणि वर कारखान्याचा कानठळ्या बसवणारा गोंगाट. जगभर असलं संगीत चालतं म्हणे. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं, अगं, वायर लूज आहे तुझी. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

तिची आई, शोभामावशी, आमच्या मानपाड्यातल्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर पत्र्याची झाकणं काढते. प्रज्ञाला तोच आवाज हवा होता, पण तिला आत कोण सोडणार? मग तिने जुना फोन रेकॉर्डिंग चालू करून मावशीच्या डब्याच्या पिशवीत टाकला. मावशीने काय करावं? फोनला तेल-धूळ लागू नये म्हणून तो भाकरीच्या फडक्यात तीन पदरी गुंडाळला! संध्याकाळी ऐकतो तर पत्र्याची किंचाळी गायब, नुसतं धप... धप... धप. प्रज्ञा आईवर इतकी चिडली की जेवलीच नाही. दुसऱ्या दिवशी मला बोलावून घेतलं. "जया, यावर पाय हलत नाही असं म्हणून दाखव." माझा पाय आधीच हलत होता. फडक्यातल्या आवाजाचा तिने ठेका केला. मग फोन उघडा ठेवायला लावून किंचाळीही आणली, आणि दोन्ही मिळून सहा ट्रॅकचा अल्बम बांधला. इंटरनेटवर टाकायचा तेवढा राहिला.

तिच्यासाठी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात तिच्या मामांनी मला बाजूला घेतलं. पोरीचं नाव व्हायला हवं, पण तो कर्कशपणा जरा काढ, म्हणजे चारचौघांत लावता येईल, म्हणाले. खरं सांगतो, मला पटलं. ती गेल्यावर तिला कुणी हसू नये, एवढंच डोक्यात होतं. तिचा लॅपटॉप घरी आणून मी गोंगाट पार खाली आणला. ठेका असा मोकळा झाला की कुठल्याही हळदीत पब्लिक नाचलं असतं. आज त्याची लाज वाटते.

टाकण्याआधी मावशीला ऐकवायला गेलो. तिने हेडफोन डाव्या कानाशी दाबून धरला आणि डोळे मिटले. पहिल्या ट्रॅकच्या अर्ध्यातच काढून ठेवला.

"पत्रा कुठे गेला?"

मी मामांचं सांगितलं, लोकांना सहन होणार नाही म्हणून सांगितलं.

"मी फडकं बांधलेलं ते नकळत. तू तर जाणूनबुजून बांधलंस," ती म्हणाली. "अठरा वर्षं ऐकते मी तो आवाज. उजवा कान गेला माझा त्यात. आणि लोकांना अर्धा तास सहन होत नाही? सोड ते फडकं."

सोडलं. तिथेच बसून, प्रज्ञाने ठेवलेला अल्बम जसाच्या तसा टाकला. खाली कुणीतरी लिहिलं, याला संगीत म्हणत नाहीत. नका म्हणू. मागच्या आठवड्यात गावातल्याच एका हळदीत मी त्यातला ट्रॅक लावला. नवऱ्याचा काका आवाज कमी कर म्हणत धावत आला. नाही केला. पुढच्या लग्नाला बोलावलं नाही तरी चालेल. त्या गोंगाटातही दोन-चार जण नाचत होते, आणि ते चांगले नाचत होते.

मावशी पुन्हा कामावर जायला लागलीय. परवा गेटजवळ भेटली, तेव्हा डब्याची पिशवी माझ्या हातात देऊन ती चपलेचा पट्टा लावायला वाकली. मी आत बघितलं. भाकरी फडक्यात बांधलेली होती आणि बाजूला तो जुना फोन, उघडाच. रेकॉर्डिंग चालू होतं.